पीएमपी परीक्षा : नोकरी सांभाळून तयारी कशी करायची? (खेड-चिपळूण-रत्नागिरीकर या इकडे)

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. लोट्याला एका केमिकल प्लँटमध्ये प्रोजेक्टला आहे, शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा. शटडाऊन, पाईपरॅक, टाक्या बदलणे, ईटीपीची (सांडपाणी प्रक्रियेची) वाढीव लाईन असली सगळी कामं बरीच वर्षं आमच्याच टीमकडे आहेत. आता वरचे साहेब मागे लागलेत की पीएमपी, म्हणजे पीएमआय संस्थेचं प्रोजेक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेट, करून टाक. फॉर्म उघडून बघितला तर डोकंच गरगरलं. आसपास कोणी समोर बसवून शिकवणारा मला तरी सापडला नाही.

प्रश्न खूप आहेत पण मुख्य म्हणजे डिप्लोमावाल्याला बसता येतं का, पीएमआयचं ते जाडजूड पीएमबॉक पुस्तक पाठ करायचं असतं का, आणि घरून परीक्षा देता येते म्हणतात पण आमच्याकडे जून लागला की लाईटचा काय भरवसा. ज्यांनी दिलीय त्यांनी जरा सविस्तर लिहा, नुसतं ऑल द बेस्ट नको :)

फणसपोळी
दापोलीहून हात वर. मी सॉफ्टवेअरवाली, घरून काम करते, परीक्षा पास झालेय.

डिप्लोमाला बसता येतं. चार वर्षांची डिग्री असेल तर ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव लागतो, डिप्लोमा किंवा बारावी असेल तर ६० महिने, आणि तो अलीकडच्या ठरावीक वर्षांतला पाहिजे. एकाच महिन्यात तीन प्रोजेक्ट केलेत म्हणून तीन महिने होत नाहीत, महिना एकच धरतात. शिवाय ३५ तासांचं प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं शिक्षण दाखवायचं, ते रेकॉर्डेड ऑनलाईन कोर्सने पण होतं, फक्त शेवटी सर्टिफिकेट मिळतंय ना ते बघून घ्या. यूट्यूबवर कितीही तास बघितलेत तरी ते इथे मोजत नाहीत.

पीएमबॉक पाठ करू नका. खरंच नका करू. सहाव्या आवृत्तीत ४९ प्रोसेस, १० नॉलेज एरिया होते, तेव्हा लोक तो तक्ता भिंतीवर चिकटवून पाठ करायचे. २०२१ ला सातवी आवृत्ती आली तिने सगळा मांडच बदलला, १२ तत्त्वं आणि ८ परफॉर्मन्स डोमेन. आणि मुळात परीक्षा पुस्तकावर बेतलेलीच नाही, ती परीक्षेत काय विचारणार ते सांगणाऱ्या ईसीओ नावाच्या आराखड्यावर आहे, तो पीएमआयच्या साईटवर फुकट आहे. २०२१ च्या आराखड्यात लोक ४२ टक्के, प्रोसेस ५० आणि बिझनेस एन्व्हायर्नमेंट ८ असं होतं. हे आकडे पीएमआय मधूनमधून बदलतं, त्यामुळे तुमच्या तारखेला कुठला आराखडा लागू आहे ते आधी बघा आणि मगच कोर्स विकत घ्या.

मालवणी_मासो
ऑल द बेस्ट 😀

(गप बसतंय आता. पण धागो वाचतंय, माका पण करूची हा.)

जांभ्या_चिरा
माझा जन्म साईटवर गेला, रस्ते पूल बंधारे सगळं केलं, निवृत्त होऊन आता कलमं सांभाळतो. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. कोकण रेल्वे झाली तेव्हा कोणाकडे होतं हे पीएमपी? ९१ बोगदे काढले, करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. १९९० ला कॉर्पोरेशन निघालं आणि जानेवारी १९९८ ला गाडी पूर्ण मार्गावर धावली. कागदावर टिकमार्क करून बोगदा निघत नाही.

कुवेतकर_राजिवडा
सलाम मंडळी. काका, पीएमपी १९८४ पासून आहे, रेल्वेच्या आधीपासून ;)

पण तुमच्याच उदाहरणावर येतो. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती ढासळत राहिली, काम अडलं, सगळा मार्ग सुरू व्हायला त्यामुळे उशीर झाला. ह्या परीक्षेत निम्मी डोकेफोड ह्याचीच असते, की जमिनीखाली काय निघेल माहीत नाही, मग आधी काय ठरवून ठेवायचं, निघाल्यावर काय करायचं, आणि कोणाला कधी सांगायचं. तुम्ही लोकांनी ते अनुभवाने केलं, इथे तेच शब्दात विचारतात.

आणि साहेब खरं सांगू का, गल्फमध्ये कन्स्ट्रक्शन आणि ऑईल गॅसच्या कितीतरी जाहिरातीत पीएमपी असल्यास प्राधान्य असं लिहिलेलं असतं. मी त्यासाठीच केलं. ज्ञान वगैरे नंतर, आधी सीव्ही फिल्टरमधून पुढे जायला पाहिजे.

जांभ्या_चिरा
हे प्रामाणिक उत्तर झालं. पटलं. आता बसलोच आहे तर तो पेपर कसा असतो ते तरी सांगा.

फणसपोळी
२०२१ च्या आराखड्याप्रमाणे १८० प्रश्न, २३० मिनिटं होती, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या आसपास. मध्ये दहा दहा मिनिटांचे दोन ब्रेक, ६० प्रश्नांनंतर आणि १२० नंतर. ब्रेक घेतलात की मागच्या ६० ला परत हात लावता येत नाही, म्हणून जाण्याआधी मार्क केलेले प्रश्न निपटून जा. त्या १८० पैकी ५ प्रश्न ते स्वतःच्या चाचणीसाठी घालायचे, त्याचे मार्क नसायचे, पण कुठले ५ ते कळायचं नाही. पर्यायवाले प्रश्न जास्त, काही जोड्या लावा, काही ड्रॅग अँड ड्रॉप. निम्मे प्रश्न साधारण अजाईल (छोट्या टप्प्यांत करून दाखवत सुधारत जायची पद्धत) किंवा हायब्रिडचे (ती आणि ठरल्या प्लॅनची पद्धत मिसळून) असायचे आणि प्लँटवाल्यांची गोची तिथेच होते, ते मी नंतर लिहिते.

पास व्हायला किती टक्के लागतात ते पीएमआय जाहीर करतच नाही. निकालात प्रत्येक डोमेनला (लोक, प्रोसेस वगैरे भागाला) अबव्ह टार्गेट, टार्गेट, बिलो टार्गेट, नीड्स इम्प्रूव्हमेंट असं येतं. त्यामुळे अमक्याला ६१ टक्क्याला मिळालं, तमक्याला ६५ ला नाही मिळालं, असल्या गप्पांवर वेळ घालवू नका.

खाडीकाठ
खूप आभार ताई. फॉर्म्युले किती येतात? आमच्या एका सिनियरने सांगितलं सगळा पेपर गणिताचाच असतो.

कुवेतकर_राजिवडा
ती खूप जुनी गोष्ट असेल. आता गणितं फार कमी, पण अर्थ विचारतात. अर्न्ड व्हॅल्यू (झालेल्या कामाची किंमत) एकदा नीट समजून घे, बास. घराच्या आवाराची चिऱ्याची भिंत धर. सगळं काम १० लाखाचं. आजपर्यंत ४ लाखाचं काम व्हायला हवं होतं, झालंय ३ लाखाचं, आणि खिशातून गेलेत पावणेचार लाख. सीपीआय (खर्चाचा निर्देशांक) म्हणजे झालेलं काम भागिले झालेला खर्च, ३ भागिले ३.७५, आला ०.८. एसपीआय (वेळेचा निर्देशांक) म्हणजे झालेलं काम भागिले व्हायला हवं होतं ते, ३ भागिले ४, आला ०.७५. एकाच्या खाली म्हणजे दोन्हीकडे बोंब. हाच रेट राहिला तर भिंत १० भागिले ०.८ म्हणजे साडेबारा लाखाला पडणार. प्रश्नात नुसतं इतकंच देतील की सीपीआय १.१, एसपीआय ०.९, प्रोजेक्टची स्थिती काय. बजेटच्या आत आहे पण मागे पडलंय, एवढं लगेच डोक्यात आलं पाहिजे.

बाकी क्रिटिकल पाथ (ज्यातलं काम लांबलं की सगळंच लांबतं ती साखळी), फ्लोट (काम किती सरकलं तरी चालतं ती सवड), आणि माणसं वाढली की संवादाच्या वाटा किती वाढतात त्याचं एन गुणिले एन वजा एक भागिले दोन. पाचाची टीम तर १० वाटा, दहाची झाली की ४५.

जांभ्या_चिरा
चिऱ्याची भिंत साडेबारा लाखाला हे मात्र अगदी वास्तववादी.

फणसपोळी
आता मुख्य मुद्दा लिहिते. ही परीक्षा सिच्युएशनल आहे. चारपैकी दोन पर्याय उघड चुकीचे, उरलेले दोन्ही बरोबर वाटतात आणि विचारतात की प्रोजेक्ट मॅनेजरने आधी काय करावं. मी एक प्रश्न बनवते, सगळ्यांनी उत्तर द्या, गूगल न करता.

एका बंदरावर जेट्टीच्या दुरुस्तीचं काम चालू आहे. पाऊस लवकर येण्याचा धोका रिस्क रजिस्टरमध्ये (धोक्यांच्या यादीत) नोंदलेला आहे आणि त्यावर काय करायचं तेही मंजूर होऊन ठरलेलं आहे. हवामान खात्याचा अंदाज आला की मान्सून आठवडाभर आधी येतोय. पीएमने (प्रोजेक्ट मॅनेजरने) आधी काय करावं? अ) स्पॉन्सरला कळवून आदेशाची वाट बघावी. ब) ठरलेली उपाययोजना सुरू करावी. क) मुदतवाढीची चेंज रिक्वेस्ट टाकावी. ड) टीमला ओव्हरटाईम लावावा.

खाडीकाठ
अ. साहेबांना विचारल्याशिवाय आमच्याकडे बोल्टसुद्धा फिरत नाही.

मालवणी_मासो
ड. पाऊस येतलो म्हटल्यावर बैठक कसली घेतास, माणसा वाढवा आणि काम उरका.

जांभ्या_चिरा
क. मुदतवाढीचं पत्र आधी टाकून ठेवायचं, नंतर दंड लागला की तेच पत्र उपयोगी पडतं. बंदराच्या कामात तर हमखास.

फणसपोळी
😂 तिघांनी तीन उत्तरं दिलीत आणि जे बरोबर आहे ते कोणीच दिलं नाही. ब.

उपाय आधीच ठरलाय, मंजूर आहे, तो अमलात आणायला पुन्हा परवानगी लागत नाही. कळवायचं असतंच पण ते त्याच्या जोडीने. पीएमआयच्या जगात प्लॅन केला तो वापरायला केलेला असतो. काकांचं पत्र आपल्याकडे व्यवहारात शहाणपणाचं आहे हे मी पण मान्य करते, पण पेपर लिहिताना आपण एका आदर्श ऑफिसात बसलोय असं समजायचं, जिथे पीएमला अधिकार आहे, टीम शहाणी आहे, आणि कोणी कोणावर खेकसत नाही.

जांभ्या_चिरा
असलं ऑफिस कुठे असतं ते कळवा, मी परत नोकरीला लागतो.

दुसरा प्रश्न टाका.

फणसपोळी
तीच जेट्टी. काम अर्ध्यावर आलंय आणि मच्छीमार सोसायटीचे चेअरमन येऊन सांगतात, ह्या पायऱ्यांवरून ओहोटीला टोपल्या चढवता येणार नाहीत, काम थांबवा. आता आधी काय? अ) मंजूर नकाशा आणि करार दाखवायचा. ब) लगेच दोन पायऱ्या वाढवून द्यायच्या, लोकांना नाराज करू नये. क) त्यांच्याबरोबर बसून नेमकी अडचण समजून घ्यायची. ड) वरिष्ठांकडे प्रकरण पाठवायचं.

खाडीकाठ
ह्या वेळी क म्हणतो.

कुवेतकर_राजिवडा
क बरोबर. राजिवड्यात वाढलो म्हणून सांगतो, चेअरमनला कागद दाखवलास तर काम दुसऱ्या दिवशी पण बंदच राहणार. पण लक्षात ठेव, प्रश्नात पुढे लिहिलेलं असेल की अडचण समजली, बदल गरजेचा वाटतोय, आता काय, तर उत्तर लगेच पायऱ्या बांधा असं नसतं. आधी त्याचा वेळ, खर्च, मजबुती ह्यावर परिणाम काय ते तपासायचं, मग चेंज रिक्वेस्ट, मग चेंज कंट्रोल बोर्ड (बदल मंजूर करणारी समिती) हो म्हणालं तर प्लॅन बदलायचा आणि मग काम. हा क्रम झोपेत पण आठवला पाहिजे. वरिष्ठांकडे पळणं जवळपास कायम चुकीचं, फक्त गोष्ट खरंच पीएमच्या अधिकाराबाहेरची असेल तरच.

आणि प्रोजेक्ट अजाईल असेल तर चेंज बोर्डाचं नाव काढायचं नाही, नवीन मागणी प्रॉडक्ट ओनरकडे (कुठलं काम आधी ते ठरवणाऱ्याकडे) जाते, तो बॅकलॉगमध्ये (कामांच्या यादीत) तिची जागा ठरवतो.

खाडीकाठ
हेच ते अजाईल. आमच्याकडे रिॲक्टर स्प्रिंटमध्ये (छोट्या ठरावीक मुदतीच्या टप्प्यात) कसा बसवणार? अर्धा बसवून कस्टमरचा फीडबॅक घ्यायचा काय?

फणसपोळी
हा हा. रिॲक्टर नाही बसवायचा तसा, म्हणून तर हायब्रिड आहे. पाया, स्ट्रक्चर, पाईपिंग सगळं ठरल्या प्लॅनने, पण कंट्रोल रूमच्या स्क्रीन कशा दिसाव्यात, ऑपरेटरला कुठला अलार्म आधी दिसावा हे दर दोन आठवड्यांनी ऑपरेटरला दाखवून सुधारत न्यायचं. तुमच्या शटडाऊनमध्ये रोज सकाळी कोणाचं काय अडलंय म्हणून उभ्या उभ्या दहा मिनिटं बोलत असाल ना, डेली स्टँडअप तसाच असतो. फक्त तिथे साहेब हजेरी घेत नाहीत, टीम एकमेकांना सांगते.

अजाईल मॅनिफेस्टो (जाहीरनामा) २००१ चं आहे, चार मूल्यं आणि १२ तत्त्वं, एका पानाचं. ते नीट वाचा. मग अजाईल प्रॅक्टिस गाईड वाचा, ते पातळ आहे. सर्व्हंट लीडर म्हणजे काय ते कळलं की लोकांच्या डोमेनचे अर्धे प्रश्न सुटतात, टीममध्ये वाजलं तर आधी त्या दोघांना आपसात सोडवू द्या, अडलं तर मध्ये पडा, हुकूम सोडू नका. पुरुष मंडळींना हे जरा जड जातं असं माझं निरीक्षण आहे, भांडू नका :)

जांभ्या_चिरा
भांडत नाही. तुमच्या आधीच्या प्रश्नात तोंडावर पडलोय.

मालवणी_मासो
रिस्क आणि इश्यू ह्यात माझा कायम घोळ होता. कोणी सोप्या भाषेत सांगात काय?

वाशिष्ठी_किनारा
चिपळूणकराला विचार की रे. वाशिष्ठीला पूर येऊ शकतो हा रिस्क, रजिस्टरमध्ये. पाणी बाजारपेठेत शिरलं की इश्यू, इश्यू लॉगमध्ये. २२ जुलै २०२१ नंतर आमच्या गावात हे कोणाला शिकवावं लागत नाही. माल आधीच वरच्या मजल्यावर ठेवला तर मिटिगेट, दुकानाचा विमा काढला तर ट्रान्सफर, दुकानच उंचावर हलवलं तर अव्हॉइड, आणि देवाक काळजी म्हणून बसलात तर ॲक्सेप्ट. पाचवा एस्कलेट, नदीतला गाळ काढणं माझ्या हातात नाही म्हणून वर कळवणं.

मी पण तयारी करतोय, पहिल्यांदाच लिहितोय इथे. मला अर्जाच्या ऑडिटची (माहितीच्या पडताळणीची) भीती वाटते, कोणाला लागलं होतं का?

कुवेतकर_राजिवडा
मला लागलं होतं. ते कोणालाही लागतं, रँडम असतं, त्यात संशय वगैरे काही नसतो. ९० दिवस देतात. डिग्रीची कॉपी, ३५ तासांचं सर्टिफिकेट, आणि प्रत्येक प्रोजेक्टसाठी ज्याचं नाव तुम्ही दिलंत त्याने हो ह्याने हे काम केलं असं सांगायचं. माझी एक जुनी कंपनी बंद पडली होती, पण तेव्हाचे मॅनेजर फोनवर होते म्हणून निभावलं. म्हणून फॉर्म भरण्याआधीच त्या माणसांना फोन करून सांगून ठेव, अनुभवाचा मजकूर पण त्यांना दाखव.

मजकूर लिहिताना 'पाईप टाकले, वेल्डिंग करून घेतलं' असं नको. उद्दिष्ट काय, तू काय ठरवलंस, टीम कशी चालवलीस, धोके कसे हाताळलेस, शेवट काय झाला, ह्या ढंगाने. खोटं एक अक्षर लिहू नको, फक्त साईटची भाषा सोडून प्रोजेक्टची भाषा वापर.

खाडीकाठ
हे फार कामाचं सांगितलंत. आता घरून की सेंटर?

फणसपोळी
माझं मत, कोकणात असाल तर सेंटर. परीक्षा घेणाऱ्या पीअर्सन व्ह्यूची सेंटरं मुंबई पुण्याला आहेत. घरून देताना टेबल रिकामं, खोलीचे फोटो, पूर्ण वेळ कॅमेरा, खोलीत दुसरं कोणी येता कामा नये, ओठ हलवून प्रश्न वाचलात तरी प्रॉक्टर (नजर ठेवणारा) टोकतो. कागद पेन चालत नाही, स्क्रीनवरचाच व्हाइटबोर्ड. आता आपल्या घरात चार तास दार न उघडता राहील अशी खोली दाखवा मला. आई चहा घेऊन येणार, शेजारचे काका दळण आणलंय म्हणून हाक मारणार, आणि बरोबर १३० व्या प्रश्नाला लाईट जाणार. इन्व्हर्टर असला तरी टॉवरचं नेट बसतंच.

वाशिष्ठी_किनारा
मी उलट बोलतो. माझ्या मित्राने फेब्रुवारीत घरून दिली, काही त्रास नाही. पावसाळा टाळा, फायबर असेल तर त्याच लॅपटॉपवर त्याच खोलीत आधी सिस्टीम टेस्ट करून बघा, ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका, त्याच्या फायरवॉलमुळे अडकतं. आदल्या रात्री गाडीत जागून जाण्यापेक्षा बरं.

मालवणी_मासो
आदल्या रातीची गाडी कित्याक? एक दिवस आधी जावा. प्रत्येक कोकणी माणसाचो एक तरी पावणो डोंबिवलीक आसताच.

फणसपोळी
😀 हे मात्र खरं. फक्त पावण्याकडे लग्नकार्य नाही ना विचारून घ्या. आणि तारीख घेताना गणपती, शिमगा बघून घ्या, गणपतीत तिकीट मिळत नाही आणि शिमग्यात पालखी सोडून तुम्ही जाणार नाही. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात तेही धरा. सेंटरला ओळखपत्रावरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे, वडलांचं नाव मध्ये असणं नसणं ह्यावरून पंचाईत होते, पासपोर्ट असेल तर त्यावरचं नाव जसंच्या तसं टाका.

जांभ्या_चिरा
नापास झालं तर?

कुवेतकर_राजिवडा
अर्ज मंजूर झाल्यापासून एक वर्ष, त्यात तीन प्रयत्न. परत बसायची फी वेगळी. पीएमआयचं मेंबर झालात तर परीक्षेची फी कमी पडते, आणि पीएमबॉकची पीडीएफ मेंबरला मिळते, हिशोब करून बघा. पास झाल्यावर पण सुटका नाही, दर तीन वर्षांनी ६० पीडीयू (शिकत राहिल्याचे गुण) गोळा करायचे, वेबिनार, कोर्स, कोणाला शिकवलंत तर ते पण धरतात.

खाडीकाठ
मॉक (सराव परीक्षा) कुठले देऊ? आणि शिफ्टमध्ये वेळ कसा काढू, जनरल शिफ्ट असली तरी शटडाऊनमध्ये घरी यायला रात्र होते.

फणसपोळी
मॉकसाठी पीएमआयचं स्वतःचं स्टडी हॉल घ्या, भाषा खऱ्या पेपरच्या सगळ्यात जवळची आहे. त्यात एक्सपर्ट म्हणून जे प्रश्न आहेत त्यांची उत्तरं बघून तुम्हाला राग येईल, तिथले मार्क मनाला लावून घेऊ नका. टेलिग्रामवर फिरणारे 'खऱ्या पेपरचे प्रश्न' अजिबात नकोत, उत्तरं चुकीची असतात आणि पीएमआयच्या नियमाविरुद्ध पण आहे.

शटडाऊन चालू असताना अभ्यास होत नाही, सोडून द्या, त्या काळात फोनवर रोज थोडे प्रश्न सोडवा बास. शटडाऊन संपल्यावर सलग बसा. चुकलेल्या प्रश्नाचं उत्तर वाचून पुढे जाऊ नका, माझा पर्याय का चुकला आणि त्यांचा का बरोबर हे वहीत आपल्या मराठीत एका ओळीत लिहा. आणि पूर्ण मॉक एकदा तरी दोन ब्रेक धरून एका बैठकीत द्या, १५० च्या पुढे डोकं कसं चालतं ते त्याशिवाय कळत नाही.

वाशिष्ठी_किनारा
आपण तिघंचौघं आहोत तर रविवारी ऑनलाईन बसून ६० प्रश्न एकत्र सोडवूया का? एकाने वाचायचा, बाकीच्यांनी उत्तर का ते सांगायचं.

खाडीकाठ
मी तयार. तारीख दिवाळीनंतरची घेतो, सेंटरलाच जातो, माझा पावणा डोंबिवलीला नाही कळव्याला आहे. ३५ तासांचा कोर्स ह्याच आठवड्यात चालू करतो.

मालवणी_मासो
माका पण धरा. पण रविवारी सकाळी नको हा, बाजार आसता.

फणसपोळी
रविवारी रात्री ९ ला मग. पहिले ६० मी काढते, सगळे चेंज आणि रिस्कवरचे.

जांभ्या_चिरा
लिंक मलाही पाठवा. परीक्षा द्यायची नाही, पण उत्तर ब का नाही ह्यावर वाद घालायला माणूस लागेल ना तुम्हाला.